मल्लम्माच्या नावाची चिठ्ठी

अयोध्याबाईंना प्रार्थना फार सुंदर येते, याबद्दल महिला संघात दुमत नव्हतं. कुणाला शिवण येतं, कुणाला पापड येतात, तशी यांना प्रार्थना येते. उदगीरच्या चर्चचा हा महिला संघ दर बुधवारी दुपारी कुणा ना कुणाच्या घरी जमायचा. सतरंजी पडायची, वीस-बावीस बायका डोक्यावर पदर घेऊन बसायच्या, दोन गाणी व्हायची, वचन वाचलं जायचं, आणि मग पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, म्हणायच्या, "अयोध्याबाई, चालवा." बाई उठायच्या. 'हे परमदयाळू, परमपवित्र स्वर्गीय बापा' इथून गाडी निघायची, ती आजारी, प्रवासी, विधवा, अनाथ, परीक्षेला बसलेली लेकरं आणि देशाचे अधिकारी अशी सगळी स्टेशनं घेत आमेनला पोचायची. कुठे अडखळणं नाही. सत्तावीस वर्षं तीच प्रार्थना म्हटल्यावर माणूस अडखळेल कशाला?

नाव अयोध्या कसं, हा प्रश्न बदली होऊन येणारा प्रत्येक पाळक विचारायचा. घर ख्रिस्ती झालं आजोबांच्या काळात, पण नातीचं नाव ठेवलं आजीने, आणि आजीपुढे कुणाचं चालायचं नाही. एका पाळकांनी मोठ्या प्रेमाने 'एस्तेर' सुचवलं होतं. बाई म्हणाल्या, "साहेब, देवाला ह्या नावानं हाक मारता येत न्हाई व्हय?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

बाई एका शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या. दोनशे लेकरांची खिचडी, आणि बूड कधी लागू दिलं नाही. नवरा श्रीमंतराव मोंढ्यात हमाल होता, तो छातीच्या दुखण्याने गेला त्याला नऊ वर्षं झाली. लेक मुरुडला दिलेली. राहता राहिली पंचफुलाबाई.

पंचफुलाबाई म्हणजे बालवाडीच्या निवृत्त बाई. घर तीन गल्ल्या पलीकडे, पुढे ओटा. अयोध्याबाईंना अक्षर येत नव्हतं, पंचफुलाबाईंना पाठांतर होत नव्हतं. म्हणून रोज दिवेलागणीला अयोध्याबाई हात-पाय धुऊन ओट्यावर जायच्या, पंचफुलाबाई शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय वाचायच्या, अयोध्याबाई तो ऐकून डोक्यात भरून घ्यायच्या. मग कुणाची सून नांदत नाही, कुणाचा मुलगा लाइनीला लागला, हेही व्हायचं. तीस वर्षांचा हा शिरस्ता. लग्नाच्या नवऱ्याशी अयोध्याबाई जेवढे शब्द बोलल्या नसतील तेवढे त्या ओट्यावर बोलल्या होत्या.

आणि मग एका दसऱ्याच्या सुमाराला मल्लम्मा आली.

ती बीदरकडची. विधवा, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, डाव्या नाकपुडीत मोठी चमकी. लेक उदगीरला दिलेली, पण जावयाचं घर दोन खोल्यांचं. म्हणून लेकीने आईला पंचफुलाबाईंची मागची खोली भाड्याने घेऊन दिली. पहिल्याच बुधवारी पाळकबाईंनी पाहुणी म्हणून तिला दोन शब्द प्रार्थना करायला सांगितलं. मल्लम्मा उठली, "ओ देवरे," एवढं म्हणाली आणि गप्पच झाली. मग अर्धं कानडी, अर्धं मोडकं मराठी असं काहीतरी बोलली, मध्येच रडली, नाक पुसलं, आणि खाली बसली. सगळ्या बायकांचे डोळे पाण्याने भरले. पंचफुलाबाई तर हुंदके द्यायला लागल्या.

अयोध्याबाईंचे डोळे कोरडे ठणठणीत. रडली म्हणजे झाली का प्रार्थना? कांदा चिरला तरी रडू येतं. पण दोन महिन्यांत गत अशी झाली, की पाळकबाई एक बुधवार इकडे बघायच्या, एक बुधवार तिकडे. "मल्लम्मा, आज तुम्ही चालवा." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तोंडाने मात्र त्या म्हणायच्या, "चालवू द्या की, मला तेवढाच आराम."

तेही त्यांनी सोसलं असतं. खरा घाव ओट्यावर बसला. एका संध्याकाळी त्या गेल्या तर आपल्या जागेवर भिंतीला टेकून मल्लम्मा बसलेली, मांडीवर जाडजूड कानडी शास्त्र. पंचफुलाबाई मराठीत एक ओळ वाचायची, तीच ओळ मल्लम्मा कानडीत वाचायची, आणि दोघी पोरींसारख्या हसायच्या.

"अयोध्या, ऐक गं," पंचफुलाबाई म्हणाल्या, "कानडीत किती गोड लागून राहिलंय!"

"मला काय कळतंय? मला मराठी बी वाचता येत न्हाई."

"अगं, मी कुठं तसं म्हणले?"

"बस अक्का, बस," म्हणून मल्लम्मा सरकली. सरकली ती भिंत न सोडता सरकली. बाई ओट्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सायकली लागतील अशा जागी बसल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं मनात म्हणाल्या, आणि आपण तिथे बसल्याबसल्या मनात काय म्हणतोय याची त्यांना बिलकूल लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी वाटेत विचारलं, "कामून आली न्हाईस?" बाई म्हणाल्या, "गुडघा." पंचफुलाने दुसऱ्यांदा विचारावं, घरी येऊन विचारावं, हात धरून न्यावं, अशी बाईंची फार इच्छा होती. पंचफुलाबाई सरळ स्वभावाची बाई. तिने गुडघा म्हटल्यावर गुडघाच धरला, आणि दुकानातून आणलेलं तेल पाठवून दिलं. बाईंनी ते तेल लावलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या बुधवारी संघात चिठ्ठ्या निघत. ही या संघाची जुनी रीत. स्टीलच्या डब्यात सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीने एक उचलायची. जिचं नाव निघेल तिच्यासाठी वर्षभर रोज, चुकता कामा नये, नाव घेऊन प्रार्थना करायची. कुणाला सांगायचं नाही. नाताळाच्या आठवड्यात चर्चमध्ये मोठी मीटिंग व्हायची, तेव्हा एकेकीने उभं राहून सांगायचं, मला अमकीचं नाव आलं होतं आणि मी तिच्यासाठी हे मागितलं.

अयोध्याबाईंची चिठ्ठी दरवर्षी पंचफुलाबाईच कानात वाचून दाखवायच्या. त्यामुळे बाईंचं गुपित नेहमी दोघींचं असायचं. यंदा पंचफुलाबाई मल्लम्माची चिठ्ठी वाचून देत होत्या, कारण मल्लम्माला मराठी अक्षर येत नव्हतं. बाईंनी आपली चिठ्ठी मुठीत धरली आणि सगळ्या चहाला उठल्यावर पाळकबाईंना गाठलं. पाळकबाईंनी उलगडून बघितली, हसल्या. "मल्लम्मा. चांगलं झालं."

चांगलं झालं!

पहिला आठवडा बाईंनी नावच घेतलं नाही. पण देवाच्या कामात चुकारपणा करायची सवय नव्हती, आणि डिसेंबरात चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलायची तर छातीच नव्हती. शेवटी एका सकाळी शाळेच्या चुलीवर पाणी ठेवून त्या पाटावर बसल्या आणि सुरुवात केली, "हे परमदयाळू, परमपवित्र..." पुढे जाईना. मल्लम्मा हे स्टेशन त्यांच्या लाइनीवर नव्हतंच. पाणी उकळायला लागलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "बापा, ह्या बाईला इथून हलव."

आणि काय सांगू, मन हलकं झालं. दुसऱ्या दिवशी तेच. मग त्यात कारणं यायला लागली. देवाला नुसतं हलव म्हणून कसं चालेल, का हलव तेही सांगायला नको? म्हणून बाईंनी ओट्याचं सांगितलं. भिंतीचं सांगितलं. पंचफुलाने दुसऱ्यांदा विचारलं नाही तेही सांगितलं. त्यावरून श्रीमंतरावांवर गाडी गेली, त्या शेवटच्या तीन वर्षांवर, जे कुणाजवळ बोलल्या नव्हत्या त्यावर. सत्तावीस वर्षं देवापुढे उभं राहून ही बाई दुसऱ्याचेच अर्ज वाचत होती. नवऱ्या-लेकीपलीकडे निव्वळ स्वतःसाठी काही पहिल्यांदा मागितलं ते मत्सरापायी. पण मागितलं ते खरं मागितलं. भल्या सकाळी त्या पाटावर बसायची त्यांना ओढ लागली. शाळेतली दुसरी स्वयंपाकीण म्हणायची, बाई, हल्ली तुमच्या चेहऱ्यावर तेज आलंय. आलं होतंही. वरून कीर्तन, आतून तमाशा, असं कुणी म्हणेल. मी म्हणेन, तमाशा तरी खरा होता.

एप्रिलात पंचफुलाबाईंकडे चिंच फोडायला बायका जमल्या. काम उरकून इतर गेल्या, पंचफुलाबाई आत चहा करत होती. दोघीच उरल्या. बाईंना वाटलं, मागायचंच आहे तर नीट विचारून मागावं. त्या मल्लम्माला कधी 'तू' म्हणाल्या नव्हत्या.

"तुमच्यासाठी कुणी देवाजवळ मागायचं म्हणलं, तर काय मागावं?"

मल्लम्माने चिंचोका बाजूला टाकला. "काय मागायचं अक्का? पाच लेकरं मला. नवरा गेल्यावर चार घरं फिरली. ह्याच्याकडं सहा महिने, त्याच्याकडं आठ महिने. सून म्हणते आता नणंदेकडं जा, लेक म्हणते आता दादाकडं जा. बोचकं सोडायला फुरसत न्हाई मिळत. हितं पंचफुलाक्का भेटली, बुधवार भेटला. आता मला कुणी हलवू नये. एवढंच."

बाईंच्या हातातली चिंच हातातच राहिली. पंचफुलाबाई चहा घेऊन आली, आणि तिने पहिला कप मल्लम्माला दिला.

पहिला कप! तीस वर्षांत तो कप अयोध्याबाईंचा होता. झालं. दुसऱ्या दिवशी पाटावर बसून बाईंनी आपली मागणी थोडी साबण लावून धुतली. "बापा, हिला हिच्या लेकाजवळ सुखात ठेव. हैदराबादला आहे ना तो महांतेश, त्याच्याजवळ. लवकर ठेव." आता यात वाईट काय आहे? आई लेकाजवळ राहावी, यात पाप कुठलं? असं त्यांनी देवाला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तांदूळ निवडायला घेतले.

नोव्हेंबरात एका बुधवारी पंचफुलाबाई रडवेल्या तोंडाने सांगायला उभ्या राहिल्या. महांतेशचा फोन आला होता. बायको नोकरीला लागली, घरी तान्हं बाळ, तर आईला घेऊन जातो. उदगीरची खोली सोडायची. नाताळ झाला की दुसऱ्या दिवशीची गाडी, तिकीट काढलेलं आहे. "लेकानं बोलावलं, भाग्यवान आहे," असं बायका म्हणाल्या. मल्लम्मा सतरंजीची कड बोटाने दाबत बसली होती.

अयोध्याबाईंना पहिल्यांदा झाला तो आनंद, निखळ आनंद. ओटा मोकळा! आणि घरी पोचेपर्यंत त्याचं भय झालं. म्हणजे ऐकलं की त्याने. त्यांनी चप्पल काढल्या-काढल्या देवाशी भांडण सुरू केलं. "श्रीमंतरावांच्या छातीसाठी तीन वर्षं मागितलं, तवा कान नव्हते तुला? लेकीची कूस उजव म्हणलं, तवा कुठं होतास? आन् हे तेवढं ऐकलंस? हेच कामून ऐकलंस?" दुसऱ्या दिवशी पाटावर बसून त्या म्हणाल्या, राहू दे तिला. तिसऱ्या दिवशीही म्हणाल्या. पण त्याच संध्याकाळी पंचफुलाबाईंच्या घरावरून जाताना आतून दोघींच्या गाण्याचा आवाज आला, एक मराठीत, एक कानडीत, चाल तीच. चौथ्या दिवसापासून बाईंनी काहीच मागितलं नाही.

मोठी मीटिंग नाताळाच्या तीन दिवस आधी झाली. चर्चमध्ये रंगीत कागदाच्या पताका लागल्या होत्या. एकेक बाई उठत होती. कुणी मुलीच्या लग्नासाठी मागितलं होतं, कुणी गाठीच्या आजारासाठी, कुणी घरकुलासाठी. ज्यांना मिळालं त्या रडत होत्या, ज्यांना मिळालं नाही त्याही रडत होत्या, आणि जिच्यासाठी मागितलं ती उठून मागणारीला मिठी मारत होती. मल्लम्मा पुढच्या रांगेत बसली होती, शेजारी पंचफुलाबाई, तिचा हात हातात घेऊन.

"अयोध्याबाई," पाळकबाई म्हणाल्या.

बाई उठल्या. वाक्य तयार करून आणलं होतं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. "मला मल्लम्माबाईंचं नाव आलं होतं. त्यांना देवानं लेकाजवळ सुखात ठेवावं, असं मी मागितलं."

"हालेलूया!" बायका एकदम म्हणाल्या. टाळ्या झाल्या. पाळकबाईंनी डोळे मिटून हात वर केले. ऐकलं, देवाने ऐकलं! आणि मल्लम्मा रडत उठली, हात पसरून पुढे आली. "अक्का, तू मागितलीस? माझ्यासाठी तू?"

इथे गप्प राहिलं असतं तर सगळं मिळणार होतं. चार दिवसांनी गाडी जाणार होती, ओटा मोकळा होणार होता, पंचफुला आपली होणार होती. बोललं तर पंचफुला कायमची जाणार होती, हे बाईंना पक्कं माहीत होतं. पण ती बाई हात पसरून येत होती आणि बाईंना ती मिठी घेववेना.

"थांब," त्या म्हणाल्या. "तिथंच थांब. मी तुला हलव म्हणून मागितलं. चिंच फोडायच्या दिवशी तू मला सांगितलंस, हलायचं न्हाई म्हणून. ते ऐकून बी मागितलं. पंचफुला तुझ्याजवळ बसती म्हणून माझा जळफळाट व्हायचा. आत्ता बी व्हायलाय. हात धरून बसल्या होतात, ते बघून बी झाला."

पाळकबाईंचे हात हळूहळू खाली आले. मागच्या रांगेत एकीने "अगं माय" म्हटलं, तेवढंच.

मल्लम्मा होती तिथेच उभी.

"रोज?" तिने विचारलं.

"काय रोज?"

"रोज मागितलीस? एक दिवस सोडली न्हाई?"

"पहिला आठवडा सोडला. आन् हे शेवटचे काही आठवडे."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊनच. नियम हाय."

मल्लम्माने पदराने तोंड पुसलं. "पाच लेकरं माझी. आई म्हणतात, अम्मा म्हणतात, तुझी आई, तुझी सासू असं म्हणतात. मल्लम्मा म्हणून रोज कोण घेतो माझं नाव? तू घेतलीस. जा म्हणून का होईना, घेतलीस." ती आणखी एक पाऊल पुढे आली. "आता बंद करू नको अक्का. हैदराबादला मला ओळखणारं कोण हाय? तिथं माझं नाव देवाला कोण सांगणार?"

आणि तिने ती मिठी मारलीच. बाई लाकडासारख्या उभ्या राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप वर गेला आणि मल्लम्माच्या पाठीवर टेकला. पाठ फार हडकुळी होती. वर्षभर जिच्याबद्दल देवाशी एवढं बोलल्या, तिला त्यांनी आजवर हात लावला नव्हता.

आता पंचफुला काय बोलणार, म्हणून सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. शिव्या देणार, उठून जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनाही वाटलं. पंचफुलाबाई जागेवरच बसून होत्या, मान पताकांकडे वळवलेली.

"तीस वर्षं झाली आपल्याला," त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. "माझं नाव घेतलंस का कवा? असं, रोज?"

तो आवाज बाईंनी ओळखला. वर्षभर तो त्यांच्याच छातीत मुक्कामाला होता. पंचफुला जळत होती! मल्लम्मावर जळत होती, ह्या एका वर्षाच्या प्रार्थनेपायी. बाईंना एक हलकट आनंद झाला, आणि त्या आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. पण प्रश्न विचारलेला होता, आणि जागा चर्चची होती. त्यांनी सत्तावीस वर्षांच्या प्रार्थना मनात चाळल्या. आजारी, प्रवासी, विधवा, अनाथ, अधिकारी. पंचफुला कुठे नव्हती.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"एक दिवस बी?"

"एक दिवस बी न्हाई." मल्लम्माचा हात अजून त्यांच्या खांद्यावर होता. "तू हायसच, असं धरून चालले होते गं. तुला कुणी नेईल असं वाटलंच न्हाई कवा, म्हून मागितलं न्हाई."